बिनवासाचं माकूल

आईशप्पथ सांगतो, हे सगळं जसंच्या तसं घडलेलं आहे. म्हणजे बरंचसं. आमच्या लॅबमधल्या प्रथमेशने मला सांगितलेलं जे आहे ते निम्मं धरा. आणि जे मीच प्रथमेशला थापेत सांगितलं आणि त्याने महिन्याभराने मलाच खरं म्हणून परत ऐकवलं, ते धरूच नका. उरलेलं खरं.

असे किस्से कोणी जमवत नाही. लॅबच्या ड्रॉवरमध्ये रबरबँड जमतात तसे ते जमतात. कोणी विकत आणत नाही, कोणी मुद्दाम ठेवत नाही, आणि एक दिवस ड्रॉवरच उघडत नाही.

आमची लॅब म्हणजे अलिबागच्या अलीकडे एका डेंटल कॉलेजच्या मागची खोली. आधी तिथे मोडक्या खुर्च्या ठेवायचे. खिडकीतून नारळीची झाडं दिसायची. समुद्र दिसत नव्हता, पण त्याची खारी हवा येऊन आमचे सगळे स्क्रू गंजवून जायची, त्यामुळे तो आहे यावर विश्वास होता. त्या खोलीत आम्ही चौघं. मॅडम, म्हणजे आमच्या गाईड, जबड्याच्या सर्जन. स्नेहा, रेवदंड्याच्या कोळीवाड्यातली, पीएचडी करणारी. प्रथमेश, उरणचा, इंजिनियर, घरात सगळे ट्रेलरच्या धंद्यात आणि हा एकटा बिघडून मशीनकडे आलेला. आणि मी. माझी पोस्ट 'प्रोजेक्ट असिस्टंट'. काम दोन प्रकारचं, नळ्या धुणं आणि वातावरण बिघडवणं.

प्रोजेक्ट समजायला सोपा आहे. दात काढला की खालचं हाड झिजायला लागतं. भिंतीतली खुंटी उपटली की भोवतालचा गिलावा पडत जातो तसं. मग नवा दात रोवायला जागाच उरत नाही. म्हणून त्या खड्ड्यात असं काहीतरी भरायचं की ज्याच्या आधाराने शरीर स्वतःचं हाड वाढवेल. स्नेहा ते 'काहीतरी' समुद्रफेसापासून बनवत होती. समुद्रफेस म्हणजे माकलाच्या, म्हणजे कटलफिशच्या, पोटातलं पांढरं, हलकं हाड. नागावच्या किनाऱ्यावर पडलेलं असतं, टुरिस्ट त्याला थर्माकोल समजून नावं ठेवतात. आतून त्याला बारीक बारीक भोकं असतात. त्या भोकांत माणसाचं हाड शिरतं आणि संसार मांडतं.

अडचण एकच. तोंडात बसवायचं म्हणजे जंतू एकही नको. आणि नेहमीच्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे आमच्या मोठ्या कुकरमध्ये, स्नेहाचा तुकडा घातला की चहात बुडालेल्या बिस्किटासारखा बाहेर यायचा. म्हणून आणलं कोल्ड प्लाझ्माचं मशीन. हेलियम वायूला विजेचा झटका द्यायचा, की नळीच्या टोकाला जांभळी ज्योत येते. जंतू मरतात, पण ज्योत गरम नसते. बोट घाला, काही होत नाही.

मशीन उसनं होतं, पुण्याच्या मोठ्या सेंटरचं. अट अशी की कमिटी येऊन बघणार. जंतू मरतात आणि तुकडा टिकतो हे सिद्ध झालं, तर तुकडा पेशंटच्या तोंडात जाणार. नाही झालं, तर मशीन परत, खोलीत खुर्च्या परत. आमचं काही नव्हतं, आम्ही पगारी माणसं. स्नेहाची मात्र सगळी पीएचडी त्या नळीच्या टोकाला लटकलेली.

*

'बोट घाला, काही होत नाही' यावरून पहिला किस्सा.

मशीन सुरू झालं त्या दिवशी प्राचार्य सर बघायला आले. नवीन माणसाने ज्योतीत बोट घालायचं ही आमची पद्धत, सकाळीच ठरवलेली. प्रथमेशने घातलं. स्नेहाने घातलं. मॅडमनी घातलं आणि म्हणाल्या, "फुंकर मारल्यासारखं वाटतं." मग माझी पाळी. मी बोट घातलं, शांतपणे बाहेर काढलं, त्याच्याकडे बघितलं आणि मॅडमना विचारलं, "इन्शुरन्स फक्त पर्मनंट स्टाफलाच असतो ना?"

सरांनी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले ते चहा आला तरी काढले नाहीत. चहा प्यायलाच नाही.

मला वाटलं, आता माझी नोकरी गेली. पुढच्या आठवड्यात कॉलेजचे ट्रस्टी आले. सर स्वतः पुढे होऊन त्यांना मशीन दाखवायला लागले. सगळ्यांत म्हाताऱ्या ट्रस्टींनी बोट पुढे केलं, तेव्हा सर त्यांना अगदी हळू आवाजात म्हणाले, "घरी सांगून आलात ना?"

*

समुद्रफेस आणायची जनाआत्या. स्नेहाची सख्खी आत्या, अलिबागच्या बाजारात मासे विकायची. आवाज असा की ती बाजारात भाव सांगायची आणि एसटी स्टँडवर लोक घासाघीस करायचे. पुढचे दोन दात नव्हते. ते कसे गेले विचारलं तर दर वेळी वेगळी गोष्ट सांगायची, आणि दर गोष्टीत कुणीतरी दुसरंच जखमी व्हायचं.

पहिल्यांदा पिशवी घेऊन आली तेव्हा मॅडमनी तिला मोठ्या प्रेमाने सगळं समजावलं. हाड कसं झिजतं, माकलाचं हाड कसं कामी येतं, वगैरे. आत्याने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, हे तर ती पोपटवाल्यांना विकते. पिंजऱ्यात लटकवतात, पोपट चोच घासतो.

मॅडम म्हणाल्या, हो, पण आता माणसांना उपयोग होईल.

आत्या म्हणाली, "बघा बाय. पोपटानी कदी तक्रार केली न्हाय. मानसाचं मी सांगत न्हाय."

*

आता मांजर.

सुकलं माकूल खोलीत आलं आणि कॅम्पसमधली सगळी मांजरं आमच्या दाराशी राहायला आली. त्यांत एक करडी बोकी होती, अर्धा कान तुटलेली. मॅडमना बघून उठायची, आम्हाला बघून उठायची नाही. तिला हायरार्की कळत होती.

एके दिवशी टेबलावर दोन तुकडे होते. एक प्लाझ्माखालून काढलेला, एक तसाच. बोकी खिडकीतून आली, तसाच असलेला तुकडा उचलला आणि गेली. स्नेहा ओरडत मागे धावली ती कँटीनपर्यंत. दुसऱ्या दिवशी प्रथमेशने मुद्दाम दोन तुकडे ठेवले. बोकीने प्लाझ्मावाल्याचा वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि दुसरा घेऊन गेली. तिसऱ्या दिवशीही तेच. आम्ही जागा बदलल्या, बशी बदलली. बोकी चुकली नाही.

प्रथमेश भयंकर इम्प्रेस झाला. त्याचं म्हणणं, हा रिझल्ट लिहायला पाहिजे. स्नेहा म्हणाली, मांजराचा रिझल्ट कोण घेईल? पण मॅडमच्या आठवड्याच्या मीटिंगमध्ये प्रथमेशने खरंच स्लाइड केली. बोकीचा फोटो, खाली दोन रकाने, 'पळवला' आणि 'नाकारला'.

मॅडमनी स्लाइड बराच वेळ बघितली. आम्ही शिव्या खायला तयार बसलो होतो. मॅडम म्हणाल्या, "एकच मांजर? हे फार कमी आहे."

*

आणि मग आमची खरी वाट लागली. ती घाणीमुळे नाही, स्वच्छतेमुळे.

परीक्षा अशी असते. काही तुकडे प्लाझ्माखाली धरायचे, काही तसेच ठेवायचे. मग सगळे वेगवेगळ्या नळ्यांत जंतूंच्या सूपमध्ये सोडायचे. सूप म्हणजे जंतूंचं जेवण. जंतू असतील तर ते खाऊन वाढतात आणि सूप गढूळ होतं. प्लाझ्मावाली नळी स्वच्छ राहायला हवी आणि तशीच ठेवलेली गढूळ व्हायला हवी. दोन्ही झालं तरच म्हणता येतं की प्लाझ्माने काम केलं.

स्नेहाने मोठी बॅच लावली. रोज सकाळी येऊन नळ्या उजेडात धरून बघायची. प्लाझ्मावाल्या स्वच्छ. वा. तशाच ठेवलेल्या... त्याही स्वच्छ. दुसऱ्या दिवशी स्वच्छ. आठवड्याने स्वच्छ. सगळी रांग गंगाजळासारखी.

म्हणजे जंतू आधीच नव्हते. मारले कोणाला?

स्नेहा खुर्चीवर बसली आणि रडायला लागली. जंतू नाहीत म्हणून रडणारी मुलगी मी पहिल्यांदाच बघत होतो. कमिटीची तारीख जवळ आली होती. मी तिला चहा आणून दिला आणि धीर द्यायचा म्हणून म्हणालो, काळजी करू नकोस, कप मी धुतलेला नाहीये.

आत्याला फोन लावला. आत्या खूश झाली, बरं झालं विचारलं म्हणाली. आधीची पिशवी घाईत दिली होती. मग तिला वाटलं, भाचीचं काम आहे, डॉक्टर लोकांत जायचंय, कोळीवाड्याचं नाव खराब नको. म्हणून या वेळी तिने सगळी हाडं मिठाच्या पाण्यात उकळली, लिंबाचा पाला टाकून पुन्हा उकळली, गच्चीवर नव्या साडीवर वाळवली आणि वर मच्छरदाणी लावली.

स्नेहा म्हणाली, "आत्या, आम्हाला घाण पाहिजे होती गं."

मग आत्या म्हणाली, "मंग आदी सांगाचं ना. घानीचा सगला बाजार पडलाय हितं."

*

तर घाण कुठून आणायची? मॅडम म्हणाल्या, तोंडात जाणारी वस्तू आहे, तर जंतूही तोंडातलेच घेऊ, जास्तीत जास्त चिवट. आणि तोंडं आपल्याकडे चार आहेतच.

चौघांच्या तोंडात कापसाची काडी फिरवली, चार काचेच्या बश्यांवर पुसली, बश्यांना अ, ब, क, ड नावं दिली. कोण कुठली बशी हे फक्त स्नेहाला माहीत. ज्याच्या बशीत जंतू सगळ्यांत जोरदार वाढतील, त्याचे घेऊन प्रोजेक्टच्या तुकड्यांना चोळायचे.

प्रथमेशने आधीच हार घालून घ्यायची तयारी केली होती. तो दिवसभर सुपारी चघळायचा, रात्री जेवणानंतर पेढा खाऊन झोपायचा आणि त्याचा ब्रश मी बघितलेला आहे, केस विस्कटलेला. मी पण आदल्या दिवशी वडापाव खाऊन चूळ भरली नव्हती. विज्ञानासाठी माणूस काय काय करतो. मॅडम बाजूला उभ्या राहून आम्हाला लेक्चर देत होत्या. दिवसातून दोनदा, वर्तुळाकार, जीभ पण घासायची, डेंटल कॉलेजात राहून लाज कशी वाटत नाही.

बश्या उघडल्या. अ मध्ये थोडे ठिपके. ब मध्ये थोडे. ड जवळपास रिकामी. आणि क! क बशीत गालिचा अंथरला होता. जंतू बशीच्या काठावरून वर चढायला बघत होते.

प्रथमेशने कॉलर ताठ केली. स्नेहाने कागद बघितला, पुन्हा बघितला, आणि मग कागदाकडे न बघता मॅडमच्या चपलांकडे बघायला लागली.

मॅडम म्हणाल्या, "बोल ना, कोणाची?"

स्नेहा म्हणाली, "मॅडम, उरलेल्या तिघांपैकी कोणाची नाही."

त्या दिवसापासून ब्रशवरचं लेक्चर बंद झालं. जंतू मात्र फ्रीजमध्ये राहायला आले, आमचं सगळं काम त्यांच्यावरच चाललं. मी सकाळी मॅडमना रिपोर्ट द्यायचो, "मॅडम, तुमची मुलं आज छान वाढलीत." मॅडम फ्रीजचं दार नीट लागलंय की नाही, ते जाताना बघून जायच्या.

*

कमिटीसाठीची शेवटची बॅच लावायची वेळ आली आणि हेलियम संपला. नवा सिलेंडर घेऊन येणारा ट्रक वडखळच्या ट्रॅफिकमध्ये अडकला. वडखळला अडकला म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. ड्रायव्हरला फोन केला तर तो म्हणाला, मी तिसऱ्यांदा जेवलो साहेब.

बॅच त्या दिवशी लागली नसती तर नळ्या कमिटीच्या आधी तयार झाल्या नसत्या. स्नेहा नुसती सूप ढवळत होती. ढवळायची गरज नव्हती.

तेव्हा प्रथमेशला नागावचा बंटी आठवला. बंटी डेकोरेटर. रिसॉर्टवर, हळदीला, बारशाला फुग्यांच्या कमानी लावायचा. प्रथमेशची आणि त्याची क्रिकेटमधली ओळख. बंटीकडे हेलियम होता, सीलबंद, चांगल्यातला. द्यायलाही तयार झाला, पण त्याची पोरं गावच्या टूर्नामेंटला गेली होती आणि संध्याकाळी हळद होती. अट अशी, आधी सिलेंडर घ्या, मग संध्याकाळी येऊन फुगे लावा.

मॅडमना हे कसं सांगायचं यावर आमची चर्चा चालू होती, तेवढ्यात मॅडमनी पर्स उचलली. "चला, बॅच लावून निघू. साडी चालेल ना हळदीला?"

बॅच लागली. ज्योत फर्स्ट क्लास आली. आणि संध्याकाळी आम्ही चौघं डीजेच्या शेजारी उभे राहून फुगे फुगवत होतो. मॅडम गाठ मारत होत्या, ऑपरेशनला टाके घालतात तशी. एका हाताने, न बघता, सटासट. बंटी आ वासून बघत राहिला. कार्यक्रम संपल्यावर ते फुगे कोणाला सोडवेनात, कापावे लागले.

निघताना बंटीने मॅडमना बाजूला घेतलं. अगदी अदबीने म्हणाला, "मॅडम, सीझनला येता का माझ्याकडे? राग मानू नका. माणसाला दात बत्तीसच असतात. हळदींना अंत नाही."

मॅडम गाडीत बसल्यावर म्हणाल्या, दात काढायला मला असं आजपर्यंत कोणी बोलावलं नाही. नंतर नागावपासून कॉलेजपर्यंत त्या खिडकीबाहेर बघून हसत होत्या. तेवढं हसताना मी त्यांना नंतर कधी बघितलं नाही.

*

त्याचंच शेपूट. येताना मी एक फुगा लपवून आणला होता. दुसऱ्या दिवशी लॅबचा फोन वाजला, प्राचार्य सर. बॅच वेळेत लागली का, विचारत होते. मी फुग्यातला एक घोट घेतला. हेलियम घेतला की आवाज कार्टूनसारखा होतो. त्या आवाजात, पण अगदी गंभीरपणे, मी म्हणालो, "सर, काळजीचं कारण नाही. गॅस कुठेही लीक झालेला नाही."

सगळी बिल्डिंग रिकामी झाली. पेशंटसुद्धा तोंडात कापूस घेऊन आंब्याखाली उभे होते.

*

कमिटी आली. पुढे एक बारीक चणीचे, चष्मा नाकावर घसरलेले सर होते, जंतूंमधले मोठे तज्ज्ञ. चहाला हात लावला नाही, बिस्किटाला लावला नाही, सरळ नळ्यांपाशी गेले.

प्लाझ्मावाल्या नळ्या एकेक करून उजेडात धरल्या. स्वच्छ. स्वच्छ. स्वच्छ. मग तशाच ठेवलेल्या. त्या ताकासारख्या गढूळ. तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघितले, भोकं जशीच्या तशी. सरांनी मान हलवली. मग पुन्हा गढूळ नळी उचलली, हलवून बघितली, आणि विचारलं हे जंतू कुठून घेतले.

स्नेहा म्हणाली, "एका निरोगी स्वयंसेवकाच्या तोंडातून, सर. नाव गुप्त आहे."

सर म्हणाले, "तीस वर्षं जंतूंत काढली. तोंडातले इतके दणकट जंतू मी बघितले नाहीत. हे मेले म्हणजे काहीही मरेल."

मागून मॅडम म्हणाल्या, "थँक्यू, सर."

आम्ही पास झालो. आणि गंमत बघा. नापास झालो तर मशीन पुण्याला परत जाणार होतं. पास झालो, तर कमिटीचे सर म्हणाले, हे फार महत्त्वाचं काम आहे, ते मोठ्या जागी व्हायला पाहिजे. म्हणून मशीन पुण्याला गेलं.

ज्या दिवशी टेम्पोत चढवलं, त्या दिवशी प्रथमेशने त्याला दोन गाद्या आणि घरची चादर गुंडाळली. ड्रायव्हरला तीनदा सांगितलं, स्पीडब्रेकरला हळू. टेम्पो वळणावर गेला तरी आम्ही तिथेच. खोलीत प्लाझ्माचा वास, झेरॉक्स मशीनजवळ येतो तसा, ओझोनचा, आठवडाभर होता. मग तोही गेला आणि खुर्च्या आल्या.

आता प्रथमेश पुण्यात मशीनजवळच आहे. मी पनवेलला एका क्लिनिकमध्ये दात साफ करतो. एसी आहे, फरशी चकचकीत आहे, फोनवर कोणी कार्टूनच्या आवाजात बोलत नाही. मांजर एकही नाही. पगार वेळेवर होतो. सांगायला किस्सा एक नाही.

*

पण स्नेहाचं राहिलं. तुकडे पुण्याहून बंद पाकिटात तयार होऊन अलिबागला यायला लागले आणि पहिले पेशंट बघायची वेळ आली. मी सुट्टी काढून गेलो होतो, मुद्दाम.

पेशंट मिळत नव्हते. माकलाचं हाड तोंडात बसवणार म्हटल्यावर शहाणी माणसं शहाण्यासारखी निघून जात होती. शेवटी जनाआत्या उभी राहिली. "मी बसते. दोन जागा रिकाम्याच हायेत." आत्या बसते म्हटल्यावर कोळीवाड्यातल्या आणखी चार-पाच बायका तयार झाल्या. परवानगी, कागद, तपासण्या सगळं झालं. त्या दिवशी सगळ्या बाकावर ओळीने बसलेल्या, आत्या पहिली. ती खुर्चीत बसली तर बाकीच्या बसणार. ती उठली तर स्नेहाची एवढ्या वर्षांची मेहनत तिच्याबरोबर रेवदंड्याची एसटी पकडणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

आत्या म्हणाली, आधी माल दाखवा. बघितल्याशिवाय मावरं, म्हणजे मासळी, घेत नाही, मग ते पापलेट असो की माकूल.

मॅडम म्हणाल्या, पाकीट उघडलं की ते वाया जाईल. आत्या म्हणाली, जाऊदे. मॅडमनी एक पाकीट फोडलं, तुकडा तिच्या हातावर ठेवला. पांढराशुभ्र, नखाएवढा. आत्याने तो उलटासुलटा केला, दाबून बघितला. मग नाकाजवळ नेला. एकदा वास घेतला. डोळे मिटून पुन्हा घेतला. चेहरा बदलला.

"स्नेहा, याला वास न्हाय."

स्नेहा आनंदाने म्हणाली, "हो ना आत्या! तेच तर. सगळे जंतू मेले."

"मावऱ्याला वास न्हाय म्हंजे त्ये मावरं न्हाय." आत्याने तुकडा परत केला आणि पदर खोचला. "आख्खा जलम मी बाजारात बसलेय. बिनवासाचं मी गिऱ्हाइकाला देत न्हाय. माझ्या तोंडात घालू?"

बाकावरच्या बायका उठल्या. एकीने चप्पल पण घातली. मॅडम काहीतरी समजवायला गेल्या, ओझोन वगैरे, कोणी ऐकत नव्हतं. स्नेहा तशीच उभी. तिच्या हातात तो तुकडा. मी तिच्याकडे बघत होतो, मला वाटलं आता रडते.

स्नेहाने तुकडा तोंडात टाकला आणि कडाकडा चावला.

सगळ्या थांबल्या. चप्पल घातलेली बाई एका पायावर थांबली. आत्या भाचीच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. शेवटी तिने विचारलं, "कसा लागला?"

स्नेहा चावत चावत म्हणाली, "कसाच नाही."

"खारट?"

"नाही."

"कडू?"

"नाही गं. काहीच नाही."

आत्याने बाकावरच्या बायकांकडे बघितलं. मग सावकाश मान हलवली. "वास न्हाय. चव न्हाय. मंग बरोबर हाय. हास्पिटलचाच हाय."

आणि जाऊन खुर्चीत बसली. मागे ओळ लागली.

पावसाळा गेला, होड्या परत पाण्यात उतरल्या, तेव्हा एक्स-रे काढला. मॅडमनी तो दिव्यावर लावला आणि बाजूला सरकल्या. स्नेहा जवळ गेली. ज्या दोन जागा काळ्या होत्या तिथे पांढरं भरलेलं होतं, कडेच्या हाडाशी एकजीव. स्नेहाने बोटाने त्या जागेभोवती गोल काढला, पुन्हा काढला. मग तिने आत्याला ओढून आणलं आणि दाखवलं. बघ, हे तुझं हाड. नवीन.

आत्याने बराच वेळ बघितलं. मग मॅडमकडे वळली.

"माकूल मी दिलं. तोंड माझं. हाड वाढवलं त्ये पन माझ्याच अंगानी."

"बरोबर आहे, जनाताई."

"मंग बिलाचं पैसं मी तुमाला द्याचं, का तुमी मना द्याचं?"

मॅडमनी थोडा विचार केला आणि पर्स उघडली. एवढे किस्से ऐकलेत, आता चहाच्या बिलासाठी तुम्ही पण पाकीट काढा. चहा येऊन कधीचा गार झालाय.